खोड आधी सांगायची

१३ ऑक्टोबर, रविवार

शुक्रवारी इद्दत संपली. नवरा गेल्यापासून चार महिने दहा दिवस मी जिना उतरले नव्हते. आज दुकान उघडायला खाली आले, तर शटर अर्ध्यावर अडकलं. ते नेहमीच अडकायचं. लाथ कुठं मारायची ते त्यांना माहीत होतं. शेजारच्या पिठाच्या गिरणीतून धोंडाबाई आली, खांदा लावला आणि म्हणाली, "एवढं दिस बंद हाय. माणसाचं गुडघं धरत्यात, हे तर पत्र्याचं."

आत अकरा गिटारी भिंतीवर टांगलेल्या. गिरणीचं पीठ फटीतून येतं, त्यामुळे सगळ्यांवर पांढरा थर बसलेला. एकेक पुसली. पुसताना तारा वाजतात, त्याला इलाज नाही.

ही डायरी बियाण्यांच्या दुकानाने जानेवारीत त्यांना दिली होती. त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. मी ऑक्टोबरच्या पानापासून सुरू करते. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन लग्नानंतर, ग्रंथालयाच्या पुस्तकांवर. लिहायची सवय नाही, पण इद्दतीत पुस्तकं संपली आणि मग डोक्यातलं कुठं ठेवायचं ते कळेना.

सिकंदर. तोंडाने कधी नाव घेतलं नाही, लिहायला हरकत नसावी. आधी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दम लागायला लागला तेव्हा फुंकायचं सोडून गिटारीकडे वळले. पुण्याला शिकणारी पोरं शिक्षण संपलं की गिटार विकून टाकतात. ती हे आणायचे, नीट करायचे, इथं विकायचे. मी तारा कापायचे, सरस लावला की वाळेपर्यंत दाबून धरायचे, बॅटरी दाखवायचे. मला वाजवता येत नाही. पण कुठल्या गिटारीचं कुठं दुखतंय ते बावीस वर्षं बघून कळतं. जूनमध्ये दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

डिसेंबरपासून या गाळ्यात मुन्ना, माझा धाकटा दीर, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान टाकणार आहे. मीच हो म्हटलं. तेव्हा नोव्हेंबर संपायच्या आत अकराच्या अकरा विकायच्या. हे मी सगळ्यांसमोर सांगितलं आहे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पहिलं गिऱ्हाईक विजयसिंह. साखर कारखान्याच्या काट्यावर नोकरी करून निवृत्त झालेत. आयुष्यभर उसाचं वजन केलं, आता गिटार शिकायची आहे म्हणाले.

"वहिनी, सिकंदर असता तर डोळं झाकून घेतली असती. आता तुमीच सांगा. ही कशी हाय?"

मी म्हटलं, "चांगली आहे."

"चांगली म्हंजे?"

मी चहा ठेवला. ते वाजवून दाखवायचे आणि वाजवता वाजवता सांगायचे, इथं जरा फरफरते, इथं गोड आहे. मी काय दाखवू? विजयसिंह चहा पिऊन गेले. दिवसभर तो शब्द डोक्यात राहिला. चांगली. कुणाच्याही मुलीबद्दल, कुणाच्याही विहिरीबद्दल म्हणता येतं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

बाजाराचा दिवस. सकाळी अब्बांची आठवण झाली. माझे अब्बा लासुर्ण्याचे, बैलांच्या व्यवहारात मध्यस्थी करायचे. त्यांची एक रीत होती. गिऱ्हाईकाने कासऱ्याला हात लावायच्या आत बैलाची खोड सांगून टाकायची. मारका असेल तर मारका, चढाला बसत असेल तर बसतो. लहानपणी मी विचारलं होतं, असं सांगितलं तर घेईल कोण? ते म्हणाले, ज्याला तेवढी खोड चालते तो घेईल, आणि मग तो बैलही सुखात राहील.

शर्टाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले आणि स्केचपेनने लिहायला बसले. गिटार डोळ्यासमोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि मानेवरून टोकापर्यंत नजर न्यायची, असं ते करायचे. तसंच केलं. पहिला पुठ्ठा इथे उतरवून ठेवते.

नंबर ३. तपकिरी. मान सरळ. पहिल्या तारेची खुंटी सैल आहे, अर्ध्या तासाने तार उतरते, परत ताणावी लागेल. पाठीवर कुणीतरी एका मुलीचं नाव कोरलं होतं. घासून काढलं आहे, पण तिरप्या उजेडात वाचता येतं.

संध्याकाळी विजयसिंह परत आले. चष्मा लावून तीन पुठ्ठे वाचले. "वहिनी, इकताय का फिर्याद लिवताय?" मग बराच वेळ नंबर तीनची पाठ उजेडात फिरवत बसले. म्हणाले, "नाव कुणाचं हाय ते न्हाय विचारत. पण खुंटीचं सांगितलंत ते बेस केलंत." घेऊन गेले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दोन गेल्या. एक सुप्याच्या मास्तरांनी नेली, एक पिंपळीच्या बाईंनी लेकीसाठी. कुणीतरी पुठ्ठ्यांचे फोटो काढून मोबाईलवर पाठवले म्हणे. लोक नुसते वाचायला येतात. काल कॉलेजच्या दोन पोरी आल्या, नंबर सहाचा पुठ्ठा मोठ्याने वाचून हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. मी काय असं लिहिलं होतं? "दोन ठिकाणी पडलेली आहे, पण पडल्यावर कुणीतरी लगेच उचललेली आहे." खरं आहे ते. उचलली नसती तर तारा जिथं बांधतात तो ब्रिज राहिला नसता.

३० ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीची गर्दी आहे पण आपल्याकडे नाही. नंबर सातचा पुठ्ठा पुन्हा लिहिला. आधी "तारा जरा उंच" असं लिहिलं होतं. नीट बघितल्यावर वाटलं, हे पुरेसं नाही. नवशिक्याची बोटं सोलून निघतील, महिन्यात कंटाळून कपाटावर ठेवेल. तेही लिहिलं. आता पुठ्ठा मागच्या बाजूने पण भरला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मुन्ना दुकानाची मापं घ्यायला आला होता. टेप धरता धरता पुठ्ठे वाचत होता.

"भाभी, ह्या सातला तुमी पाठपोट लिवलंय."

"खरं आहे ते."

"खरं असंल. पण भाईजान दोन वाक्यात सांगायचे."

"ते वाजवून दाखवायचे. मला लिहावं लागतं."

त्याने टेप गुंडाळला. धोंडाबाई गिरणीच्या दारातून ओरडली, "सायरा, तू गाळा मोकळा करायलीस का गिऱ्हाईकं?" हिला सगळं ऐकू येतं, गिरणी चालू असली तरी.

सकाळी एक बाप आला होता, नंबर आठसाठी. मी त्याला पुठ्ठा वाचून दाखवला, शिवाय तोंडाने सांगितलं की पावसाळ्यात हिचा आवाज बसतो. तो म्हणाला, "पावसाळा सात म्हैन्यांवर हाय." मी म्हटलं, येईलच की. तो गेला. खोटं बोलून विकण्यापेक्षा बरं.

अजून आठ आहेत. नंबर अकराला पुठ्ठा लावलेला नाही. ती त्यांची स्वतःची. ते डावखुरे. बँडमधल्या उस्तादाने त्यासाठी हातावर छड्या मारलेल्या, तरी हात बदलला नाही. एक उजवी गिटार घेऊन ब्रिज काढला, उलटा तिरका नवा बसवला, तारांच्या खाचा नव्याने कापल्या. आता ती कुठल्याच उजव्या माणसाला वाजवता येत नाही. तिला पुठ्ठा लावून काय उपयोग? कुणी घेणारच नाही. रोज पीठ पुसते तेवढंच.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज नंबर अकराला गिऱ्हाईक आलं.

मुलगी विशीतली, इंदापूरची, नाव स्वराली. एसटीने आली होती, पाठीवर सॅक. दारातच थांबून भिंतीकडे बघत राहिली. मी विचारलं, कुठली दाखवू? ती म्हणाली, "ती कोपऱ्यातली डाव्या हाताची हाय ना, चाची?"

मी म्हटलं, तुला कसं कळलं?

"जाड तार उजवीकडं हाय. बाकीच्यांची डावीकडं हाय." मग डावा हात वर करून दाखवला. "आमी वळखतो एकमेकांना."

शाळेत बाईंनी उजव्या हाताने लिहायला लावलं म्हणाली, म्हणून अक्षर अजून कोंबडीचे पाय. गिटार शिकली ती चुलतभावाची उजवीच उलटी धरून. आता इंदापूरच्या एका गाण्याच्या ग्रुपने तिला घेतलंय. लग्नसराईचा पहिला कार्यक्रम चोवीस तारखेला. ग्रुपमध्ये आजवर मुलगी नव्हती. त्यांनी सांगितलंय, तुझी स्वतःची नीट गिटार घेऊन ये, मग बघू. पुण्यात डाव्या हाताची नवी मिळते, पण ती नवी घेणं तिच्या आईला जमणारं नाही. आई लीलाबाई शिवणकाम करते.

मी गिटार खाली काढली नाही. म्हटलं, हिची खोड आधी ऐक.

पोटाला आतून भेग आहे, हे सांगितलं. आहेच भेग. मी स्वतः बॅटरी धरली होती. मग सांगितलं, जुना ब्रिज काढला तिथली खूण जाणार नाही. तेही खरं. मग म्हटलं, मानेला बाक आलाय. आता कळत नाही, पण वर्ष दोन वर्षांत वाढेल, मग सूर लागायचा नाही. भर कार्यक्रमात तोंडघशी पडशील.

तिने फक्त विचारलं, "हात लावू का?" मी म्हटलं, लावून काय करशील, जीव अडकेल.

ती हसली. "व्हय, ते बी खरं. बरं झालं तुमी सांगितलं, चाची. दुसऱ्या कुणी गळ्यात मारली असती." जाताना पाया पडली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मानेबद्दल बोलले ते थोडं जास्त झालं असेल. पण कुठली मान आज ना उद्या वाकत नाही? लाकूड आहे. बारामतीचं ऊन आहे. जबाबदारीचं काम आहे, तरुण मुलगी आहे, सावध केलेलं चांगलं.

ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली.

११ नोव्हेंबर, सोमवार

वाचन होत नाही. पान उलटते आणि मागच्या पानावर काय होतं ते आठवत नाही. एक प्रवासवर्णन आहे, बर्फाचं. परत करते.

नंबर आठवाला बाप पुन्हा आला होता. काही न बोलता दिली. पावसाळ्याचं त्यानेच काढलं, म्हणाला, "तवा आमी पण घरातच बसलेलं असतो."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी इंदापूरहून संभाजी सर म्हणून शिक्षक आले. शाळेसाठी तीन गिटारी पाहिजेत म्हणाले. मी पुठ्ठे पुढे केले, तर त्यांनी हाताने बाजूला सारले.

"वाचायची गरज न्हाय. तुमी सांगाल त्या तीन द्या."

मी म्हटलं, न बघता?

"आमच्या स्वरालीनं सगळ्या इंदापुरात सांगितलंय. म्हणती, गिटार घ्यायची तर बारामतीच्या चाचीकडंच. नवऱ्याची गिटार हाय, गिऱ्हाईक दारात उभं हाय, तरी बाईनं तोंडानं सांगितलं, घेऊ नको, खराब हाय. असं माणूस कुठं घावतंय?"

मी पुठ्ठे गोळा केले. 

विचारलं, मग तिला मिळाली का कुठं?

"कुठनं मिळायची. चुलतभावाचीच उलटी धरून बसलीय. बारीक तारा वर, जाड खाली. चाळीस गाणी बसवायची हायती तिला. बोटाला चिकटपट्ट्या लावून वाजवती. ग्रुपवाले म्हणत्यात, जमलं तर ठीक, न्हायतर दुसरा पोरगा तयार हाय. येत्या रविवारी ठरवणार हायती."

तीन गिटारी दिल्या, चांगल्या बघून. त्यांना बसवून चहा केला, पण कपात साखर घातली की नाही ते आठवत नाही. त्यांनी तक्रार केली नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी नमाज झाल्यावर खाली गेले. धोंडाबाईची गिरणी अजून सुरू व्हायची होती. नंबर अकरा काढली. त्यांची स्टीलची पट्टी मानेवर उभी ठेवली आणि पट्टीखालून उजेड दिसतो का ते बघितलं. बाक असेल तर मधे उजेडाची रेघ दिसते. दिसली नाही. पट्टी सरकवून पुन्हा ठेवली. उलटी करून ठेवली. मान सरळ आहे. खरं तर मला हे सात तारखेलाच माहीत होतं. रोज पुसते. पुसणाऱ्याच्या हाताला कळतं.

आरसा आत घालून भेग बघितली. बारा वर्षांपूर्वी तिथं पातळ लाकडाची पट्टी बसवली होती, मीच दाबून धरली होती, अर्धा दिवस. ती तशीच आहे. केसाएवढीही पुढे गेलेली नाही. स्वरालीला मी भेग सांगितली, पट्टी सांगितली नाही.

हे लिहायला सोपं नाही. मी खोटं बोलले. खोटं सांगून माल गळ्यात मारणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यांची मला चीड आहे. मी खोटं सांगून माल ठेवून घेतला. आणि लोक मला खरं बोलणारी म्हणून ओळखतात, हेच कामी आलं. दुसरी कुणी असती तर त्या पोरीने निदान गिटार हातात घेऊन बघितली असती.

मग बाकीचे पुठ्ठे वाचले. सातचा, नऊचा. त्यात खोटं नाही. पण हे मी गिऱ्हाईकासाठी लिहिलं होतं का, ते आज सांगता येणार नाही.

अब्बांकडे एक बैल होता, पांढरा, कपाळावर डाग. त्यांना तो विकायचा नव्हता. किती जणांनी विचारलं. अब्बांनी त्याला बाजारात कधी नेलाच नाही. घरी दावणीला ठेवला आणि विचारणाऱ्याला सांगितलं, द्यायचा नाही. एवढंच. मला हे जमलं नाही. द्यायची नाही म्हणायची लाज वाटली. सगळ्यांसमोर अकराच्या अकरा म्हणून बसले होते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मुन्नाला सांगितलं. त्याने डोकं खाजवलं.

"मग ठेवा की ती, भाभी. एक गिटार घरात न्हाय मावत व्हय? वर टांगू. मी खिळा ठोकून देतो."

"आणि त्या मुलीला काय सांगायचं?"

"काय सांगायचं. तिला काय म्हाईत हाय?"

"मला माहीत आहे."

त्याने बॅटऱ्यांची यादी घडी करून खिशात घातली. मग म्हणाला, "भाईजान गेल्यावर तुमी एकदा बी रडला न्हाईत. मला वाटलं, ह्या बाईला सगळं झेपतं. मग मी लगेच गाळ्याचं बोललो. जरा घाई झाली का माझी?"

मी म्हटलं, घाई नाही, तुला दोन मुलं आहेत.

"तरी पण," तो म्हणाला.

धोंडाबाईने हे सगळं ऐकलं असणार, कारण तासाभराने ती पिठाच्या हातानेच आली आणि म्हणाली, "जायचंच असंल तर सकाळच्या सातच्या गाडीनं जा. नंतर उसाच्या ट्रॉल्या लागत्यात, दोन तास खातील." आणि गिटारीला गुंडाळायला जुनी गोधडी दिली. ती तिच्या सासूची आहे, परत आणायला बजावलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सातची गाडी. तरी ट्रॉल्या लागल्याच. लासुर्ण्याला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून बघितलं. बाजूच्या बाईने विचारलं, "बाळ हाय का काय गोधडीत?" मी गोधडी थोडी उघडून दाखवली. ती म्हणाली, "मग जपून धरा."

लीलाबाईंचं घर बाजारपेठेच्या मागे, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. ग्रुपवाले अकरा वाजता येणार होते. स्वराली ओट्यावर बसून वाजवत होती, बोटांना खरंच चिकटपट्ट्या. मला बघून उठली आणि आईला हाक मारली, "आई, त्या चाची आल्या बघ, बारामतीच्या." लीलाबाई अशा बाहेर आल्या की जणू मी कुणी मोठी बाई आहे. मला ते सहन होईना, म्हणून खुर्चीवर बसायच्या आधीच बोलले.

म्हटलं, "मी तुला त्या दिवशी खोटं सांगितलं. हिच्या मानेला बाक नाही. भेग आहे ती बारा वर्षांपूर्वीच बंद केलेली आहे."

स्वराली गोधडीकडे बघत राहिली. लीलाबाईंनी मशीनवरच्या कापडाची उगाच घडी केली.

"मग असं का सांगितलं?" स्वरालीने विचारलं. रागाने नव्हे. तिला खरंच कळत नव्हतं.

"द्यायची नव्हती."

"मग तसं म्हणायचं की, चाची. मी काय ओढून नेली असती?"

"तसं म्हणता आलं नाही."

"आणि आता? आता द्यायची हाय?"

"आता पण नाही," मी म्हटलं. "पण तुझ्याशी खोटं बोलले ते आधी मोडायचं होतं. ते झालं. आता तू हात लावून बघ."

तिने लगेच हात लावला नाही. आईकडे बघितलं. मग बोटांच्या चिकटपट्ट्या एकेक काढल्या, हात धुऊन आली, गोधडी बाजूला केली. मांडीवर घेतली. त्यांची बसायची पद्धत मला पाठ आहे. ते वाकून बसायचे, कोपर वरच्या कडेवर टेकायचे, त्यामुळे तिथलं वार्निश उडालंय. हिचं कोपर तिथं पडलं नाही. चार बोटं खाली पडलं. ती ताठ बसते. मला वाटलं होतं कोपर तिथंच पडलं तर मला बघवणार नाही. पडलं नाही तेव्हा बरं वाटलं.

तारा जूनपासून उतरलेल्या. तिने लावून घेतल्या, त्यांच्यापेक्षा जरा चढ्या सुरात. मग वाजवलं. कुठलं गाणं ते मला ओळखता आलं नाही. ती चुकली तरी थांबत नव्हती, हे थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे. मध्येच ती विसरली की आम्ही तिथं आहोत. लीलाबाई डोळ्याला पदर लावत होत्या. मी पण रडले. पाच महिन्यांनी रडले आणि ते परक्याच्या घरात, शिलाई मशीनशेजारी.  लीलाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

संपल्यावर स्वरालीने गिटार उचलून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "लई चांगली हाय, चाची. तुमी ठेवा. मी त्या दुसऱ्यावर जमवीन."

ती खरंच म्हणत होती. मी गिटार मांडीवर घेऊन बसले. मला वाजवता येत नाही. मी तिला रोज पुसीन, पाच वर्षं, दहा वर्षं, आणि तारा गंजतील. हे मला तिथं बसल्या बसल्या दिसलं. बाहेर मोटरसायकली थांबल्या, ग्रुपवाले आले असावेत.

मी ती परत तिच्या हातात दिली. म्हटलं, "घे. उठ, ते आले."

आत काय झालं ते मी बघितलं नाही, मी मागच्या पडवीत लीलाबाईंबरोबर बसले होते. भिंतीतून आवाज येत होता. सहा-सात गाणी झाली. मग कुणीतरी पुरुष म्हणाला, "चोवीसला पाचला तयार रहायचं, उशीर चालणार न्हाय." लीलाबाईंनी माझा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

किमतीचं बोलणं झालं, ते लिहिण्यासारखं नाही. निघताना स्वराली म्हणाली, "चाची, पुठ्ठा?"

"कसला पुठ्ठा?"

"सगळ्या गिटारींना लिवून देता म्हणं. मला न्हाय का?"

लीलाबाईंनी ब्लाउजपीसच्या खोक्याचं झाकण कापून दिलं. मी त्यांच्या मशीनवर बसून लिहिलं. गाडीत बसल्यावर आठवून इथे उतरवलं. गोधडी मांडीवर आहे.

नंबर ११. डाव्या हाताची. मूळची उजवी होती, चौदा वर्षांपूर्वी सिकंदर यांनी स्वतःसाठी बदलली. मान सरळ आहे, पट्टी लावून बघितलं आहे. पोटाला आतून दोन बोटं भेग होती, ती लाकडाची पट्टी बसवून बंद केली, तेव्हापासून वाढलेली नाही. जुन्या ब्रिजची खूण समोरून दिसते, ती जाणार नाही. चौथ्या खुंटीचं डोकं बाभळीचं आहे, रंग जुळत नाही, पण घट्ट आहे. वरच्या कडेचं वार्निश वापराने उडालं आहे. पत्र्याखाली उन्हात ठेवू नये. जून ते नोव्हेंबर कुणी वाजवलेली नाही, त्यामुळे पहिले काही दिवस सूर उतरेल, मग धरेल. सात नोव्हेंबरला विकणारीने हिच्याबद्दल खोटं सांगितलं होतं, ते इथे दुरुस्त केलं आहे. दुसरी खोड नाही.

सायराबानू, बारामती.